जागती कडी

डॉक्टर काझींनी कडी तळहातावर ठेवली तेव्हा ऋजुताला आधी हसूच आलं. बारशातल्या बाळाच्या बांगडीएवढी ती वस्तू, मऊ, पारदर्शक, दोन बोटांत दाबली की चपटी होणारी. पीएच.डी.चा प्रबंध उरावर बसलेला असताना आपण ह्या एवढ्याशा गोष्टीच्या भरवशावर राहायचं?

“हसा,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आधी माझ्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या. सिगारेट?”

“नाही.”

“रक्तदाब? डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखतं असं कधी? घरात कोणाला पायात रक्ताची गुठळी झालेली? क्षयाची किंवा फिटची औषधं?”

सगळ्यालाच नाही. डॉक्टरांनी तरीही दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, मग खुर्ची पुढे ओढून समजावून सांगायला बसल्या.

अशा कड्या काही आजच्या नव्हत्या. ऋजुताच्या आईच्या वेळीही मिळायच्या. योनीत बसवायची, तिच्यातून दोन हार्मोन थोडे थोडे झिरपायचे, स्त्रीबीज सुटायचं नाही, म्हणून गर्भ राहायचा नाही. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर, त्या आठवड्यात पाळी, मग पुन्हा नवी कडी. रोज गोळीची आठवण ठेवायला नको. भानगड एकच होती. त्यातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन रक्ताला थोडंसं गोठण्याच्या बाजूला झुकवतं. बहुतेक बायकांना त्यानं काही होत नाही. एखादीला होतं. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते, तिथून सुटून फुफ्फुसात जाऊन अडकते, आणि मग हातात वेळ फार थोडा उरतो.

नव्या कडीला कंपनीनं काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण दवाखान्यात सगळे तिला जागती कडी म्हणत. गुठळी धरू लागली की शरीर लगेच ती विरघळवायच्या मागे लागतं. त्या ओढाताणीत गुठळीचे अगदी सूक्ष्म तुकडे रक्तात उतरतात, आणि रक्तातून अंगातल्या प्रत्येक ओलाव्यात. कडीवरचा एक पातळ पापुद्रा ते तुकडे ओळखायचा. ओळखले, की कडी दोन कामं करायची. फोनवर निरोप पाठवायची, आणि कोणाला न विचारता आपले हार्मोन बंद करायची.

“आणि फोनच बंद असला तर?” ऋजुतानं विचारलं. संशोधन करणारी बाई, तिला असले प्रश्न सुचायचेच.

“तरी कळेल. हार्मोन एकदम थांबले की एक-दोन दिवसांत रक्त जायला लागतं. फोन हरवेल, नेट जाईल, पण अवेळी गेलेलं रक्त कोणत्याही बाईच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी ही बनवली त्यांची सगळी मदार ह्याच्यावर आहे. तेव्हा मध्येच रक्त गेलं तर पाळी समजून गप्प बसू नका. कडी काढायची आणि मला फोन करायचा. पोटरी दुखली, पाय सुजला, तर चोळत बसायचं नाही. धाप लागली, छातीत दुखलं, तर मलाही फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर कडी आहे हे आधी सांगायचं. आणि एक. सणवार आले म्हणून पाळी ढकलायची गोळी वरून घ्यायची नाही. तारीख लांबवायची तर कडीतच सोय आहे, मला विचारा.”

ऋजुतानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

कडीचं गुपित दोघांचं होतं, तिचं आणि नवऱ्याचं, निनादचं. निनादची आई, उज्ज्वलाताई, अकोल्याला एकट्या राहायच्या. निनादचे बाबा शेवटच्या दुखण्यात असताना निनाद एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून बोलून गेला होता, “बाबा, लवकरच नातवंड येईल हं, प्रयत्न चालू आहेत.” बाबा त्या शब्दावर समाधानानं गेले. उज्ज्वलाताई मात्र मागे राहिल्या, आणि तो शब्दही. दर रविवारी फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की आवाज खाली आणून त्या विचारायच्या, “काय गं ऋजू, काही गोड बातमी?”

“अजून नाही, आई,” ऋजुता म्हणायची.

“असू दे, असू दे. होईल. मी काही घाई करून राहिली नाही.”

त्या खरोखरच प्रेमानं विचारायच्या, हीच तर अडचण होती. खाष्ट सासू असती तर ऋजुता एका वाक्यात मोकळी झाली असती. प्रबंध पूर्ण होऊ दे, मग मूल हवं की नको ते ठरवू, एवढंच तिला हवं होतं, आणि निनादला ते पटलंही होतं. फक्त आईला सांगायचा विषय निघाला की तो पंख्याकडे बघायचा. “पुढच्या वेळी सांगू,” म्हणायचा. पुढची वेळ काही येत नव्हती. दोघांची अळीमिळी गुपचिळी चालू राहिली.

उज्ज्वलाताईंना दुसऱ्याचा फोन उचलण्यात काही गैर वाटत नसे. घरातला फोन म्हणजे घरातला तांब्या, ज्याला तहान लागेल त्यानं उचलावा. म्हणून सासूबाई पुण्याला आल्या, किंवा ऋजुता अकोल्याला गेली, की ती कडीचं ॲप कुलूपबंद कप्प्यात टाकायची आणि त्याचे निरोप बंद करून ठेवायची. निनाद त्याला ‘अकोला मोड’ म्हणायचा. दोघं त्यावर हसायचे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना ऋजुता आधी गेली. निनादला रजा उशिरा मिळणार होती.

पुण्याहून अकोल्याला जाणाऱ्या बसला आता ड्रायव्हर नव्हता. बस यंत्र चालवायचं, फार सफाईनं चालवायचं. पूर्वी ड्रायव्हरला चहाची तल्लफ आली की बस ढाब्यावर थांबायची, माणसं उतरायची, आळोखेपिळोखे द्यायची, शिव्या देत परत चढायची. यंत्राला चहा लागत नाही. आतच संडास, आतच खाणं, बस कुठे थांबलीच नाही. ऋजुता खिडकीशी मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत बसली. शेजारी दोघी गाढ झोपलेल्या. त्यांना उठवायचा तिला संकोच वाटला, म्हणून ती जागची हललीच नाही. अकोल्याला उतरली तेव्हा डावी पोटरी लाकडासारखी झाली होती. चालल्यावर बरं वाटेल, असं म्हणून ती चालू लागली.

उज्ज्वलाताई दारातच उभ्या होत्या. “ये गं माझी बाई ये,” म्हणून त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहत राहिल्या. “वाळली किती! जेवून नाही राहिली काय?”

चहाचा कप हातात देत त्यांनी मनातली गोष्ट सांगून टाकली. “यंदा महालक्ष्म्या तू नेसवायच्या.”

“मी? मला कुठं येतं, आई?”

“मी सांगते नं शेजारी बसून. मागचे दोन वर्षं प्रमिलानं नेसवल्या. सवाष्ण पाहिजे म्हणतात.” प्रमिला म्हणजे त्यांची चुलत जाऊ. “तीस वर्षं ज्या हातानं निऱ्या घातल्या तो हात एका दिवसात नको झाला. मी सोफ्यावर बसून पाहून राहिली. पाहुणी असल्यासारखी, माझ्याच घरात.” मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. “जाऊ दे. यंदा माझी सून नेसवेल. म्हंजे मीच नेसवल्या.”

ऋजुताला भरून आलं. देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं, पण ह्या बाईसाठी ती दोन काय, चार महालक्ष्म्या नेसवायला तयार होती. ती यूट्यूबवर नऊवारीच्या निऱ्या बघत बसली.

त्याच सुमारास कडीला ते तुकडे लागले. पोटरीच्या आत खोल शिरेत गुठळी धरत होती. कडीनं आपले हार्मोन बंद केले आणि फोनला निरोप धाडला. निरोप कुलूपबंद कप्प्यात जाऊन पडला. कडीनं पुन्हा धाडला. पुन्हा तिथेच. मग रक्त जायला लागलं, कडी बनवणाऱ्यांनी योजलं होतं अगदी तसंच.

फुलोऱ्याच्या करंज्या चालल्या होत्या. ऋजुता बाथरूममधून आली ती दारातच घुटमळली. तिला डॉक्टर काझींचं बोलणं आठवलं नव्हतं असं नाही. कडी जागेवर आहे ना, हे तिनं बोटानं चाचपून पाहिलं होतं. ॲप उघडून बघावं म्हणून ती फोन शोधायला आली, तर फोन उज्ज्वलाताईंच्या हातात. त्या प्रमिलाकाकूंना व्हिडिओवर मुखवटे दाखवत होत्या. कडी बसवल्यावर पहिल्या महिन्यांतही मध्येच थोडं रक्त गेलं होतं, आणि तेव्हा काही निघालं नव्हतं. प्रवासाची दगदग असेल, ॲप बघायची काय गरज. मन असं चलाख असतं, सोयीचं कारण ते लगेच शोधून देतं.

फोन संपल्यावर ती हळूच म्हणाली, “आई, मला बहुतेक बाजूला बसावं लागेल.”

उज्ज्वलाताईंचं लाटणं थांबलं. “काहून? तारीख होती तुझी?”

“नव्हती.”

“मग काही नाही. गोळी घे. थांबते.”

“नको, आई. किंवा... मी तशीच नेसवली तर? पुण्यात आम्ही काही पाळत नाही.”

“मला चालते गं. देवाशप्पथ चालते. पण प्रमिलाला कळलं तर वर्षभर बोटं मोडेल. तुझ्या नावानं नाही, माझ्या.”

“मग काकूच नेसवू देत. मी बसते बाजूला, मला खरंच काही वाटणार नाही.”

“मला वाटेल,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांनी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले. “मी नवी नवरी होती. पहिल्याच महालक्ष्म्यांना कावळा शिवला. मागच्या खोलीत बसवलं मला. ताट उंबऱ्यावरून आत सरकवायचे. बाहेर हसणं, आरत्या, अन् मी भिंतीकडं पाहून राहिली. दुसऱ्या वर्षी मैत्रिणीनं ही गोळी दिली. तेव्हापासून एकदा नाही बसली. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्यासाठी ती गोळी देवासारखी धावून आली. अन् आता मी असताना माझ्या सुनेला कोपऱ्यात बसवू? मी नाही बसवत.”

त्या स्वतः चपला घालून औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानांत आता नवा नियम होता. कोणतीही हार्मोनची गोळी द्यायची तर घेणाऱ्याचा आरोग्य क्रमांक घालायचा. त्या माणसाला काय आजार, दुसरं कोणतं औषध चालू, सगळं यंत्र बघायचं आणि मगच हो म्हणायचं. दुकानदारानं क्रमांक विचारला.

“सुनेचा पाठ नाही बापा. माझ्या पोरीचा घाला, नागपूरला असते ती. गोळी तर तीच नं?”

“काकू, तसं चालत नाही. सूनबाई दुसरं काही हार्मोनचं घेऊन तर नाही राहिल्या?”

“काहीतरीच काय. त्यांना तर मूल पाहिजे.”

दुकानदार ओळखीचा, दुकानात सणाची गर्दी. त्यानं मुलीचा क्रमांक घातला. यंत्रानं मुलीच्या नोंदी तपासल्या, त्या ठणठणीत होत्या, आणि यंत्र हो म्हणालं.

उज्ज्वलाताई एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन ऋजुतासमोर उभ्या राहिल्या. काझीबाईंनी हेच घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ऋजुतानं एकच वाक्य बोलायचं होतं. आई, मी कडी बसवली आहे. पण त्या एका वाक्याच्या मागोमाग सगळे रविवार येणार होते, मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द येणार होता, आणि समोरचा हा आनंदानं फुललेला चेहरा क्षणात पडणार होता. सणाच्या तोंडावर नको, तिनं ठरवलं. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न. पुण्याला गेल्यावर काझीबाईंना दाखवू.

तिनं गोळी घेतली. दिवसातून तीनदा घ्यायची होती, तशी घेत राहिली. ही गोळी पोटात गेली की तिच्यातला काही भाग शरीरातच इस्ट्रोजेन होतो. कडीनं पुढचं दार लावून घेतलं होतं, गोळीनं मागचं उघडून दिलं.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी रक्त थांबलं.

“पाहिलं?” उज्ज्वलाताई टाळी वाजवून म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं?”

निनाद त्याच दिवशी पोचला. ऋजुतानं त्याला माळ्यावरून दिव्यांच्या माळा काढताना गाठून सांगितलं, मध्येच रक्त गेलं, आईंनी गोळी दिली, घेतली.

“कडी असताना चालते?”

“नाही चालत म्हणाल्या होत्या काझीबाई. जाताच दाखवते. आईंना काय सांगणार होते मी?”

निनादनं माळ हातात धरून थोडा विचार केला. “दोन दिवस काढ,” तो म्हणाला. “मी सांगतो आईला. विसर्जन झालं की नक्की सांगतो.”

त्याच संध्याकाळी ऋजुतानं ज्येष्ठेला आणि कनिष्ठेला नेसवलं. उज्ज्वलाताई शेजारी पाटावर बसून “ती निरी वर घे, हं, आता दाब” असं सांगत होत्या. एकदा ज्येष्ठेचा पदर सुटला तर दोघी हसून हसून खाली बसल्या. प्रमिलाकाकूसुद्धा म्हणाल्या, “छान नेसवल्या हो सुनेनं.” उज्ज्वलाताईंनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी पूजेला येईल त्या प्रत्येकाला ऐकवलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंगतीवर पंगती. ऋजुता वाढत होती. डावा पाय ठणकत होता. घोट्यापर्यंत सुजला होता, पण उभं राहून पाय सुजतातच, तिथे जमलेल्या निम्म्या बायकांचे सुजले होते. जिना चढताना दम लागला, तर प्रमिलाकाकू डोळा मारून म्हणाल्या, “जेवण जास्त झालं, की काही विशेष?”

दिवेलागणीच्या सुमारास घर रिकामं झालं. ऋजुता दिवाणावर टेकली. उज्ज्वलाताईंनी तिचा पाय बघितला आणि त्या हळहळल्या. “किती दमवलं मी तुला. थांब.” तेल कोमट करून आणलं, खाली बसल्या आणि पोटरी चोळू लागल्या.

“आई, तुम्ही माझे पाय...”

“गप. आज तू लक्ष्मी आहेस घरची.” त्या चोळत राहिल्या. खालून वर, जोर लावून, आईनं शिकवलं होतं तसं.

ऋजुतानं डोळे मिटले होते. एकदम ती उठून बसली. छातीवर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि श्वासच येईना. “आई,” म्हणाली. ती एका अंगावर कलली तेव्हा उज्ज्वलाताईंचे तेलाचे हात तसेच हवेत राहिले होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर राठोड नावाचे तरुण गृहस्थ होते. त्यांना सुजलेला पाय बघताच शंका आली. तपासणीत फुफ्फुसात मोठी गुठळी दिसली. त्यांनी बाहेर येऊन घाईघाईनं विचारलं, “काही हार्मोनची औषधं? गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शन, कडी?”

“नाही हो,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “उलट त्यांना मूल पाहिजे होतं. फक्त पाळीची गोळी दिली मी. सगळ्याच घेतात ती.”

डॉक्टरांनी निनादकडे पाहिलं. निनाद खाली बघत होता. पत्नी आत श्वासासाठी झगडत होती, आणि हा माणूस आईसमोर ते वाक्य बोलू शकत नव्हता. त्याला दुष्ट म्हणता येत नाही, मला तरी नाही म्हणवत. पण त्या क्षणी त्याला हलवून जागं करावंसं वाटतं. तो डॉक्टरांचा कोपर धरून म्हणाला, “एक मिनिट, जरा बाजूला येता?”

कॉरिडॉरच्या टोकाशी तो काय बोलला ते उज्ज्वलाताईंना ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते डॉक्टरांचं ओरडणं. ते पळत परत येताना आत नर्सला म्हणाले, “सिस्टर, पेशंटला गर्भनिरोधक कडी आहे, आधी ती काढून घ्या.”

उज्ज्वलाताईंनी निनादकडे पाहिलं. त्या बाकावर बसल्या, आणि पदर तोंडात धरून आतल्या दाराकडे बघत राहिल्या.

गुठळी विरघळवायचं औषध दिलं. छाती दाबून दाबून डॉक्टर घामाघूम झाले. ऋजुता गेली. घरी ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या, तिनं नेसवलेल्या लुगड्यांत, आणि त्यांचं विसर्जन करायला घरात कोणी राहिलं नव्हतं. ते प्रमिलाकाकूंनी केलं, एकटीनं.

कंपनीची बाई आली ती दिवाळी उलटून गेल्यावर. शलाका देवधर असं तिचं नाव, कडी बनवणाऱ्या गटातली अभियंता. निनाद पुण्याची नोकरी सोडून अकोल्यालाच राहायला आला होता. मायलेक एका घरात राहत होते, एका पंगतीत जेवत होते, आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. दोघांनीही एकमेकांना दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, निदान काही बोलणं तरी झालं असतं.

शलाकानं समजावून सांगितलं. कडी बिघडली नव्हती. गुठळी लहान होती तेव्हाच तिला कळलं होतं. त्या दिवशी कडी काढून रक्त पातळ करायचं औषध चालू झालं असतं, तर ऋजुता बहुधा वाचली असती. कडीनं निरोप पाठवले, ते दिसले नाहीत. मग तिनं रक्त आणलं.

“रक्त आलं नं,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “कडीनं सांगितलं. मीच गप्प केलं तिला. पाण्याच्या घोटाबरोबर.”

“काकू, तुमची एकटीची चूक नाही ती. आमची आहे. आम्ही पंचवीस जणं बसून ठरवलं की अवेळी रक्त गेलं की बाई घाबरेल आणि दवाखान्यात जाईल. त्यात मी होते. माझ्या आईनंसुद्धा सणाला ह्याच गोळ्या घेतल्यात, काकू. आणि तरीही माझ्या डोक्यात आलं नाही, की ह्या देशात रक्त गेलं की बाया आधी पंचांग बघतात.” ती पुढे सरकून बसली. “आम्ही आता बदल करतोय. निरोप फक्त बाईच्या फोनवर न जाता आणखी एका माणसाच्या फोनवर जाईल. घरातल्याच. बाईनं आधीच निवडलेल्या. कोणाला तो निरोप जावा, ते ती ठरवेल. मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. ही सोय असती, तर ऋजुता वाचली असती का?”

“माझा नंबर घातला असता तिनं,” निनाद म्हणाला.

उज्ज्वलाताई त्याच्याकडे वळल्या. महालक्ष्म्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “अन् निरोप आला असता तर तू काय केलं असतं? पुण्याहून फोन करून मला सांगितलं असतं?”

निनाद पंख्याकडे बघू लागला. उत्तर तिघांनाही ठाऊक होतं.

“आणि तुमचा, काकू?” शलाकानं हळूच विचारलं. “तुमचा नंबर घातला असता का तिनं?”

आपण ऋजूला किती जीव लावला ते उज्ज्वलाताईंना आठवत असावं. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं, तिचे पाय चोळले होते, तिला कोपऱ्यात बसू दिलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली.

“माझ्यापासूनच तर लपवत होती ती, पोरी. माझा कशी घालेल?”

“मग कोणाचा?”

“कोणाचाच नाही. जीव जात असताना सांगावं असं ह्या घरात तिला कोणी नव्हतं. मी होती असं मी समजून राहिली होती,” उज्ज्वलाताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. निनाद जागचा उठला, त्यांच्याजवळ गेला, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून तसाच उभा राहिला.